छत्तीस शेजाऱ्यांची पेशी

बेंगळुरूत ऊन लागत नाही, असं महाराष्ट्रातून इथे राहायला आलेल्या बहुतेकांना पहिली काही वर्षं वाटतं. लातूर-सोलापूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला एप्रिलातल्या 34 अंशांचं काय वाटणार! टोपी घरी राहिली तरी चालते, भर दुपारी गाडी काढली तरी फारसा घाम येत नाही. पण अंगाला कळतो तो उकाडा. त्वचेला कळतात ते अतिनील किरण, आणि गार वाऱ्याने ते काही कमी होत नाहीत. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात. शिवाय अक्षांश 13 च्या आसपास, म्हणजे 24 एप्रिल आणि 18 ऑगस्टच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि भरदुपारी उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते.

महादेवपुऱ्यातल्या एका दवाखान्यात काम करणाऱ्या मराठी त्वचारोगतज्ज्ञ बाईंना हे ऊन रोज रुग्णांच्या हातांवर दिसतं. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या या डॉक्टर इथे आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, आयटीवाल्यांची वस्ती, म्हणजे मुरुमं आणि केसगळती यांतच दिवस जाईल. मुरुमं आणि केसगळती आहेतच. पण ओपीडीचा मोठा भाग रंगाने व्यापलेला असतो. आउटर रिंग रोडवरच्या कंपन्यांतले इंजिनिअर, फिनिक्स मॉलमधल्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली, घरोघरी जेवण पोचवणारी पोरं, कलबुर्गी-रायचूरकडून आलेले बांधकाम मजूर, मुलाकडे राहायला आलेल्या तेलुगू आजी आणि बेळगाव-निपाणीकडची मराठी कुटुंबं, सगळी एकाच बाकावर नंबरची वाट बघत बसलेली असतात. त्यातल्या एकीला गालावरचा काळपटपणा घालवायचा असतो. तिच्या शेजारी बसलेलीला ओठाजवळून गेलेला रंग परत हवा असतो. दोघींचं गाऱ्हाणं शेवटी एकाच पेशीपाशी येतं: मेलॅनोसाइट, म्हणजे रंगपेशी.

या पेशीवर डॉक्टरांचा जीव जडला तो मिरजेत, सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेचे छेद बघताना. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाने रंगवलेल्या काचपट्टीवर बाह्यत्वचेची सगळ्यात खालची ओळ एकसारख्या पेशींची दिसते. त्या ओळीत मध्येच एखादी पेशी फिकट, भोवती मोकळी जागा असलेली. तीच रंगपेशी. साऱ्या त्वचेला रंग देणारी पेशी स्वतः अशी फिकी का? काचपट्टी तयार होताना ती आकसते हे एक कारण. दुसरं असं, की तयार केलेला बहुतेक रंग तिने आधीच वाटून टाकलेला असतो. तिच्या अंगातून फांद्यांसारखे लांब तंतू निघतात आणि वरच्या थरांतल्या पेशींपर्यंत पोचतात. मेलॅनिनने भरलेल्या बारीक पिशव्या, मेलॅनोसोम, या तंतूंच्या टोकांपर्यंत सरकत जातात आणि तिथून शेजारच्या पेशींच्या हवाली होतात. थॉमस फिट्झपॅट्रिक आणि ए. एस. ब्रेथनॅक यांनी 1963 मध्ये रंगपेशी आणि तिच्या शेजारणी मिळून एक घटक मानावा असं मांडलं. एका रंगपेशीमागे साधारण 36 शेजारी पेशी, हे प्रमाण पुढे पाठ्यपुस्तकांत रूढ झालं. डॉक्टरांच्या कामाचा गाभा या आकड्यात आहे. रंग एका पेशीत बनतो, पण दिसतो तो शेजाऱ्यांच्या अंगावर.

जेवण पोचवणाऱ्या एका पोराने हात पुढे केले तेव्हा बाहीच्या शिवणीपाशी रंगाची रेघ आखल्यासारखी होती. वर गव्हाळ, खाली तांबूस-काळा. घड्याळाखालची पट्टी वेगळी. त्याला वाटत होतं, ही धुळीची ॲलर्जी आहे. डॉक्टरांनी त्याला सांगितलं ते असं: ऊन आधी शेजारणींवर पडतं. अतिनील किरणांनी त्यांच्या केंद्रकातला डीएनए दुखावला, की पी-53 नावाचं प्रथिन जागं होतं आणि त्या पेशी रंगपेशीला निरोप धाडतात. (हा निरोप नेमका कसा निघतो हे डेव्हिड फिशर यांच्या गटाने 2007 मध्ये उलगडलं. कर्करोगापासून वाचवणारं प्रथिन म्हणून पी-53 प्रसिद्ध होतं. उन्हाने रापणं हेही त्याचंच काम निघालं.) निरोप रंगपेशीच्या पृष्ठभागावर पोचला की आत टायरोसिनेज हे तांबं बाळगणारं विकर वाढतं, टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन बनू लागतं आणि भरलेल्या पिशव्या शेजारणींकडे निघतात. तिथे पोचल्यावर त्या वाटेल तिथे पडून राहत नाहीत. केंद्रकाच्या वर, ज्या बाजूने ऊन येतं त्या बाजूला, छत्रीसारख्या जमतात.

पोराने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग जाईल ना, मॅडम?’’ जाईल, पण मलमाने नव्हे. वरच्या पेशी झडून नव्या यायला चार-सहा आठवडे लागतात, आणि तेवढ्या दिवसांत रोज ऊन पडत राहिलं तर नव्या पेशीही रंग घेऊनच वर येतात. पूर्ण बाह्यांचा पातळ सुती शर्ट, हातमोजे आणि सनस्क्रीन. त्याच्या कमाईचं गणित बघता डॉक्टरांनी सनस्क्रीन शेवटी लिहिलं. कपडा आधी.

महादेवपुऱ्यात आया मुलींना घेऊन येतात तेव्हा मात्र डॉक्टरांचा आवाज कडक होतो. ‘‘मॅडम, मोठी माझ्यावर गेली, उजळ आहे. धाकटीला काहीतरी द्या.’’ धाकटी चौदा-पंधरा वर्षांची, मान खाली घालून बसलेली. डॉक्टर धाकटीशीच बोलतात. तुझ्या त्वचेत आणि ताईच्या त्वचेत रंगपेशी जवळजवळ सारख्याच आहेत. जगातल्या सगळ्यांत गोऱ्या आणि सगळ्यांत काळ्या माणसाच्या त्वचेतही त्यांच्या संख्येत फारसा फरक नसतो. फरक असतो तो पिशव्यांत. सावळ्या त्वचेत मेलॅनोसोम मोठे, सुटे सुटे पसरलेले आणि टिकाऊ असतात. गोऱ्या त्वचेत ते लहान, पुंजक्याने राहणारे आणि लवकर विरघळणारे. ही घडण जनुकांतून येते. 2005 मध्ये झेब्रा माशाच्या फिकट पिवळसर जातीवरून एसएलसी24ए5 हे जनुक सापडलं, आणि त्यातल्या एका अक्षराच्या बदलाचा माणसाच्या रंगाशी संबंध असल्याचं कळलं. 2013 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं, की तो बदल भारतातही भरपूर आढळतो आणि युरोपीय व भारतीय लोकांत तो एकाच पूर्वजाकडून आलेला आहे. एकाच घरात दोन बहिणींचे रंग वेगळे निघावेत यात काही बिघडलेलं नसतं. त्यामुळे त्याचं औषधही नसतं, आणि ते शोधू नये.

तरीही आया औषधाच्या दुकानात जातात. 1975 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ भारतात आली आणि 2020 मध्ये नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. नाव बदललं तरी मागणी तशीच राहिली. अशा क्रीममध्ये असणारं नायसिनामाइड मेलॅनोसोम शेजारणींकडे सोपवण्याचा वेग थोडा कमी करतं, इतकंच. त्याने फार काही बिघडत नाही. डॉक्टरांना धास्ती वाटते ती स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांची. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, म्हणून मलम घरभर फिरतं, पीजीतल्या मैत्रिणींतही वाटलं जातं. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल होते, उन्हात गेलं की जळजळते, गालावर केस आणि फोड येतात, आणि मलम सोडलं की सगळं दुप्पट उसळतं. 2018 मध्ये सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी महिन्याला असे चेहरे येतातच. एकेक चेहरा मूळ पदावर आणायला सहा महिने ते वर्ष जातं, आणि त्या काळात रुग्णाला रोज धीर द्यावा लागतो.

वांग हे या ओपीडीचं नेहमीचं दुखणं. पस्तिशीच्या आसपासच्या बायका, दोन्ही गालांच्या हाडांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी छटा. बाळंतपणानंतर सुरू झालेलं, कधी गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढलेलं. ‘‘दिवसभर लॅपटॉपसमोर असते, त्याने होतं का?’’ हा प्रश्न व्हाइटफील्डकडच्या प्रत्येक दुसऱ्या बाईचा. पडद्याच्या उजेडात तेवढी ताकद नसते, हे 2020 मध्ये वांग असलेल्या बायकांवरच्या चाचणीत दिसलं आहे. खिडकीतून येणाऱ्या सूर्यप्रकाशात मात्र ती असते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा निळा-जांभळा प्रकाशही रंगपेशीला जागं करतो आणि तो डाग बरेच दिवस टिकतो. म्हणून डॉक्टर साध्या पांढऱ्या सनस्क्रीनऐवजी लोह-ऑक्साइडची छटा असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन लिहून देतात. पोटात घ्यायच्या औषधांत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आहे. 1960 च्या दशकात जपानच्या उताको ओकामोतो यांनी प्रसूतीतला रक्तस्राव थांबवण्यासाठी शोधलेलं हे औषध 1979 मध्ये जपानमध्येच वांगावर उपयोगी पडल्याचं लक्षात आलं. रक्त गोठण्याचा त्रास घरात कुणाला आहे का, हे विचारल्याशिवाय डॉक्टर ते देत नाहीत. आणि पहिल्याच भेटीत सांगतात: वांग फिका होतो, ऊन लागलं की परत येतो. त्याच्याशी संसार करायचा आहे, हे मनाशी धरा.

दुपारच्या पाळीत केस. पंचविशीच्या आतले इंजिनिअर कानशिलापाशी बोट दाखवतात आणि बहुतेकांचा संशय एकावरच असतो, टँकरच्या पाण्यावर. 2024 च्या उन्हाळ्यात या भागात बोअरवेल आटल्या, टँकरचे भाव चढले आणि पाण्यावरचा राग केसांपर्यंत पोचला. क्षारांच्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात, हे खरं. पण डोक्याबाहेर दिसणारा केस मृत असतो. त्याचा रंग ठरतो टाळूच्या आत, केसाच्या मुळाशी, आणि पाणी तिथवर जात नाही. मुळाशीही रंगपेशीच असते, पण तिची कामाची पद्धत निराळी. इथे तिच्या वाट्याला 36 ऐवजी चार-पाचच शेजारी येतात आणि ती कायम काम करत नाही. केस वाढत असतो तोवर ती रंग पुरवते. केसाची वाढ थांबली की तीही संपते. पुढचा केस उगवताना नव्या रंगपेशी लागतात आणि त्या येतात केसाच्या मुळाच्या थोडं वर, एका फुगवट्यात राखून ठेवलेल्या मूळपेशींतून. एमी निशिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये हा साठा दाखवला आणि 2005 मध्ये पुढचं सांगितलं, की तो साठा घटत जातो तसा केस पिकत जातो.

‘‘टेन्शनने होतं का, मॅडम?’’ होतं, निदान उंदरांत तरी. 2020 मध्ये हार्वर्डच्या या-चिए शू यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की ताणात चेतातंतूंतून निघणारं नॉरॲड्रेनलिन या मूळपेशींना एकदम कामाला जुंपतं आणि साठा रिकामा होतो. माणसांबद्दल मार्टिन पिकार्ड यांच्या गटाचं 2021 मधलं काम डॉक्टर आवर्जून सांगतात. 14 जणांचे केस लांबीभर तपासले, तेव्हा काही केस मुळाकडून पुन्हा काळे झालेले सापडले, आणि एका माणसाच्या बाबतीत ती वेळ त्याच्या सुट्टीशी जुळली. यावर ऐकणाऱ्याचा चेहरा उजळतो. डॉक्टर लगेच पुढचं सांगतात: असे केस मोजके, तेही नुकतेच पिकू लागलेले. मग त्या बी-12, लोह आणि थायरॉइड तपासायला पाठवतात. पीजीत राहणाऱ्या शाकाहारी मुलांत बी-12 कमी निघणं नेहमीचंच. ते भरून काढायलाच हवं, पण ते इंजेक्शन केस काळे होण्याची हमी म्हणून त्या देत नाहीत. वडिलांचे केस पंचविशीत पिकले होते का, हा प्रश्न त्या सगळ्यांत आधी विचारतात, आणि उत्तर बहुधा ‘हो’ येतं.

केसाजवळचा हा साठा पुढे फार महत्त्वाचा ठरतो, म्हणून त्याची आठवण ठेवून कोडाकडे यावं लागतं.

बेळगावच्या एका काकू कपाळावर रुपयाएवढा पांढरा डाग घेऊन आल्या होत्या. घरात कुजबुज सुरू झाली होती. सूनबाईंनी त्यांची भांडी वेगळी केली नव्हती, पण काकूंनी स्वतःच केली होती. डॉक्टरांनी त्यांना टिकलीचं पाकीट आणायला सांगितलं. डाग बरोबर टिकलीच्या जागी होता. चिकट टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं. त्याची घडण टायरोसिनशी मिळतीजुळती असते, म्हणून रंगपेशीतलं विकर त्यालाच कच्चा माल समजून हाताळतं आणि त्यातून तयार होणारं विष पेशीला मारतं. शेजारणींकडे ते विकर नसल्यामुळे त्यांना काही होत नाही. हीच गोष्ट 1939 मध्ये अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात दिसली होती. कामगारांचे हात मोज्यांच्या आकारात पांढरे झाले. कारण निघालं ते रबर टिकावं म्हणून मोज्यांत घातलेलं रसायन. 2013 मध्ये जपानमध्ये त्वचा उजळवणाऱ्या एका सौंदर्यप्रसाधनाने हजारो बायकांना असे डाग पडले आणि कंपनीला माल परत घ्यावा लागला. काकूंनी टिकली सोडली, मलम लावलं, डागाच्या कडेने हळूहळू रंग भरला. भांडी मात्र त्यांनी पहिल्या भेटीनंतर लगेच एकत्र केली, आणि डॉक्टरांच्या मते खरा उपचार तोच झाला.

सगळेच डाग असे सुटत नाहीत. खऱ्या कोडात शरीराच्या स्वतःच्या टी-पेशी रंगपेशींवर हल्ला करतात. जगात शंभरात साधारण एकाला, कुठे त्याहून कमी, हा आजार होतो. तो संसर्गाने होत नाही, महारोगाशी त्याचा काही संबंध नाही आणि दूध-मासे एकत्र खाल्ल्याने तो होत नाही. हे वाक्य डॉक्टर मराठी, हिंदी आणि मोडक्या कन्नडमध्ये रोज बोलतात. जिथे सतत घासलं जातं तिथे डाग उमटतात, म्हणून परकराची नाडी, चपलेचा पट्टा, चष्म्याची दांडी, सगळं विचारावं लागतं. निपाणीहून आलेली एक मुलगी, कंपनीत पगारपत्रकं बघणारी, डोळ्यांभोवती आणि कोपरांवर डाग. सोबत आई. ‘‘मॅडम, लग्न ठरेपर्यंत झाकता येईल असं काहीतरी बघा.’’ मुलगी गप्प. डॉक्टरांनी आईला पुण्याच्या ‘श्वेता असोसिएशन’बद्दल सांगितलं, डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी उभं केलेलं हे काम महाराष्ट्रात अनेक घरांना आधार देऊन गेलं आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2006 मधला ‘नितळ’ हा चित्रपट बघायलाही सांगितला. त्यात कोड असलेली नायिका स्वतः डॉक्टर आहे. पुढच्या खेपेला मुलगी एकटी आली. चित्रपट आईने दोनदा बघितला होता.

तिचा उपचार प्रकाशाचा. 311 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे दिवे उभ्या पेटीत लावलेले असतात. डोळ्यांवर चष्मा लावून आठवड्यातून दोन-तीनदा काही सेकंद ते मिनिटभर उभं राहायचं. 1997 मध्ये ॲम्स्टरडॅमहून या पद्धतीचे निष्कर्ष आले आणि ती जगभर पसरली. त्याआधी बावचीच्या बियांतलं सोरालेन आणि ऊन ही जोडी होती. आपल्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. अजूनही गावाकडून कुणी बावचीचं तेल लावून उन्हात बसतं आणि भाजल्यासारखे फोड घेऊन दवाखान्यात येतं. प्रकाश रंगपेशींना जागं करतो आणि हल्ला करणाऱ्या टी-पेशींनाही आवरतो. पण मात्रा मोजून द्यावी लागते. सोबत टॅक्रोलिमसचं मलम. हल्ल्याचा निरोप तोडणारी औषधंही आता आहेत. 2022 मध्ये अमेरिकेत रक्सोलिटिनिबच्या मलमाला कोडासाठी परवानगी मिळाली, आणि त्याच कुळातलं टोफासिटिनिब इथले त्वचारोगतज्ज्ञ वापरतात.

दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर खोलीतला दिवा मालवतात आणि वूड्स लॅम्पच्या जांभळट उजेडात डाग बघतात. पांढराशुभ्र चकाकणारा डाग आणि त्यात तपकिरी ठिपके. भिंग लावून बघितलं की प्रत्येक ठिपक्याच्या मध्यातून एक केस निघालेला दिसतो. त्वचेतल्या रंगपेशी मेल्या, पण केसाच्या मुळाजवळच्या फुगवट्यातला साठा वाचला होता. प्रकाशाने तिथल्या पेशी वर सरकल्या आणि केसाभोवती पसरू लागल्या. मुलीने फोनवर तो फोटो मागून घेतला. ठिपके वाढतात, एकमेकांना मिळतात, चेहऱ्यावर सगळ्यांत लवकर. पण डागावरचे केसच पांढरे झाले असतील तर साठाही गेला आहे असं समजायचं. आणि उपचार थांबवले की वर्षभरात सुमारे 40 टक्के जणांचे डाग त्याच जागी परतू शकतात, कारण काही टी-पेशी त्वचेतच ठाण मांडून बसलेल्या असतात. म्हणून डाग भरल्यावरही आठवड्यातून दोनदा मलम चालू ठेवायचं, हे डॉक्टर चिठ्ठीवर ठळक लिहितात.

वर्षभर एकही नवा डाग आला नाही, जुना वाढला नाही, तर पेशींच्या प्रत्यारोपणाचा विचार होतो. या कामात डॉक्टर सगळ्यांत जास्त रमतात. मांडीच्या बाजूने त्वचेची एक पातळ फित सोलून घ्यायची, डागाच्या दहाव्या हिश्शाएवढी, कागदातून पलीकडचं दिसावं इतकी पातळ. ती ट्रिप्सिनच्या द्रावणात 37 अंशांवर पाऊण तासाच्या आत-बाहेर ठेवली की बाह्यत्वचा खालच्या थरापासून सुटते. चिमट्याने ती हलकेच ओढली की वेगळी होते. तिचे तुकडे खरवडून द्रावणात सोडायचे आणि नळी फिरवणाऱ्या यंत्रात घालायची. पाच मिनिटांनी नळीच्या तळाशी तपकिरी रंगाचा बारीक गाळ बसतो. चिमूटभरही नसतो. त्यात रंगपेशी असतात आणि त्यांच्या शेजारणीही, आणि दोन्ही लागतात, कारण शेजारणींतून निघणाऱ्या घटकांवरच रंगपेशी नव्या जागी जगते. डाग बारीक रक्तबिंदू दिसेपर्यंत यंत्राने घासायचा, त्यावर गाळाचे थेंब पसरायचे, वर कोलॅजनचा पातळ पडदा आणि पट्टी. मग आठवडाभर तो भाग हलवायचा नाही. मानेवर, सांध्यांवर हेच सगळ्यांत अवघड. पट्टी निघते तेव्हा जागा गुलाबी असते, रुग्ण खट्टू होतो. रंग दिसू लागायला काही आठवडे लागतात, नीट मिसळायला महिने. 1992 मध्ये फ्रान्समध्ये गोतिए आणि स्युरलेव्ह-बाझेय यांनी पेशी न वाढवता थेट वापरण्याची ही वाट दाखवली. पुढे चंदीगडच्या पीजीआयसारख्या ठिकाणी भारतीय डॉक्टरांनी ती साधी आणि स्वस्त करण्यावर खूप काम केलं.

हे करताना डॉक्टरांच्या मनात नेहमी एक प्रश्न असतो: नव्या जागी बसलेली पेशी टायरोसिनेज पिशव्यांपर्यंत पोचवते कशी? उत्तराचा काही भाग याच शहरात आहे. भारतीय विज्ञान संस्थेत सुब्बा राव गंगी सेट्टी यांची प्रयोगशाळा बरीच वर्षं हेच शोधते आहे, की रंगासाठी लागणारी प्रथिनं पेशीच्या आत कोणत्या वाटांनी मेलॅनोसोमपर्यंत जातात आणि वाट चुकली की माणूस रंगहीन का जन्मतो. ओपीडी संपल्यावर डॉक्टर त्या गटाचे शोधनिबंध वाचतात. ट्रॅफिक या शब्दाचा तिथे वेगळा अर्थ असतो, प्रथिनांच्या वाहतुकीचा, आणि सिंगय्यनपाळ्याच्या सिग्नलला वेगळा, एवढं त्यांना पुरतं.

टिन फॅक्टरीजवळ रिक्षा चालवणारा एक चाळिशीचा माणूस गेल्या हिवाळ्यात आला. हनुवटीवर डाग, ओठांवर डाग आणि दहाही बोटांची टोकं पांढरी. ‘‘बण्ण बरुत्ता, मेडम?’’ रंग येईल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. डॉक्टरांनी त्याच्या हनुवटीवर दाढीचे काळे खुंट दाखवले आणि मग त्याच्या बोटांची टोकं. इथे केस आहेत, तिथे नाहीत. हनुवटी भरेल. बोटांत पेशी कुठून येणार, हे सांगता येत नाही. शस्त्रक्रियेनेही तिथे यश कमी, शिवाय दिवसभर हँडल धरायचं असतं. त्याने दोन दिवस घेतले, बायकोला घेऊन परत आला आणि हनुवटीचा उपचार सुरू केला. बोटांना फक्त सनस्क्रीन लावतो, कारण रंग नसलेली कातडी एप्रिलच्या उन्हात तासाभरात लाल होते. प्रत्येक खेपेला त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून त्याचा फोटो काढला जातो. हनुवटीवरचे ठिपके पावसाळ्याच्या शेवटापर्यंत एकमेकांना मिळतील, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. बोटांसाठी त्याने पुन्हा औषध मागितलेलं नाही.